फुटाला पाव इंच

पहिल्या दिवशी एफी मला कोपरा दाखवते.
"इथं बघ, मार्सेल. रोज सकाळी
तळहाताएवढं पाणी बसून राहतं,
चहा झाला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं."
मी गुडघ्यांवर बसून पाणसळ ठेवतो.
बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध.
पाणसळ फिरवतो: आडवी, तिरकी,
मग जाळीकडे तोंड करून.
मधोमध.
बावीस वर्षं फरश्या बसवतोय,
इतकी सपाट न्हाणी पाहिली नव्हती.

लॉकलन दारात उभा, हात खिशात.
सिडनीच्या पोलाद कारखान्यात
यंत्रांचे पाये बसवण्यात त्याची हयात गेली.
केसाइतका फरक राहिला
तरी रूळ बोंबलायचा म्हणे, पाळी संपेपर्यंत.
आणि ही फरशी त्यानं स्वतः घातली,
नव्वदच्या हिवाळ्यात, सुट्टी काढून.
"दाखव," म्हणतो, "कुठं चुकलंय?"

कुठंच चुकलं नव्हतं.
मी काहीच न बोलता
पिशवीतून छिन्नी काढली.

फरशी निघाली ती गठ्ठ्यानं,
मागे कोबा धरून.
खाली वास: भरती ओसरल्यावर धक्क्याखाली येतो तो.
पाणी मुरत होतं,
आणि मुरायला त्याला चौतीस वर्षं मिळाली होती.
फळी बोटानं सोलली.
पण भिंतीलगत, जिथं ओल पोचली नाही,
तिथं पेन्सिलीनं लिहिलेलं अजून वाचता येत होतं:
चार कोपरे, चार शून्यं,
प्रत्येक शून्याखाली रेघ.
लॉकलननं चष्मा लावला, पाहिलं,
काढला.
मग बाहेर बर्फ साफ करायला गेला,
जो मुलानं सकाळीच साफ केला होता.

नव्या फळ्या. वाळू, सिमेंट, पाणी बेताचं,
मूठ उघडली तरी गोळा
मुठीचा आकार धरून राहील इतकंच.
दुपारी मी त्याला हाक मारली, दुसरं टोक धरायला.
"जाळीपासून भिंत तीन फूट.
फुटाला पाव इंच. भिंतीशी पाऊण."
पट्टी टेकवली. बुडबुडा भिंतीकडे सरकला
आणि म्हाताऱ्याचा अंगठा
जाळीकडचं टोक उचलू लागला.
"खाली, लॉकलन."
"हो."
पुन्हा उचललं.
"खाली."
"मी उचलत नाहीये," तो म्हणाला.
आणि खरंच, तो नव्हताच उचलत. अंगठा उचलत होता.

रात्री तळघरात रंधा चालल्याचा आवाज.
सकाळी माझ्या हातात मेपलची एक पाचर,
तीन फूट लांब, एका टोकाला पाऊण इंच,
दुसऱ्या टोकाला काही नाही.
"ही खाली ठेव, वर पाणसळ," म्हणाला.
ठेवली.
बुडबुडा मधोमध आला.
त्यानं श्वास सोडला तो मला ऐकू आला.
त्या पाचरीवरच आम्ही सगळा कोबा ओढला,
मी थापी मारत, तो मापत,
भिंतीपासून जाळीकडे,
घड्याळाचे काटे फिरावेत तसे.

मग पाणी अडवायचा कागद. जाळीला बूच.
न्हाणी चार बोटं भरली,
भिंतीवर रेघ मारली, आणि चोवीस तास वाट.
मी घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर
माझ्या रेघेशेजारी त्याच्या अक्षरात
अकरा, दोन, साडेचार, सहा.
प्रत्येक आकड्यापुढे टिचकीभर रेघ.
पाणी तिथंच होतं.
"टॉर्च घेऊन बसला होता," एफी म्हणाली,
"बाजेवरून उठून उठून. लग्नाच्या पहिल्या वर्षीही
माझ्यासाठी इतक्यांदा उठला नव्हता."

वर बारक्या षटकोनी फरश्या, नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या.
मोठी फरशी वाकत नाही.
हे सांगितलं तेव्हा तो फक्त हं म्हणाला.

पुढच्या गुरुवारी पैसे न्यायला गेलो.
लॉकलननं बादलीभर पाणी ओतून दाखवलं,
फरशी जणू त्यानंच बसवली अशा थाटात.
पाणी एकदा घुटमळलं, मग वळलं,
जाळीनं मोठा घोट घेतला.
मागे राहिली फक्त चकाकी, तीही विरली.

एफी टॉवेल टांगायला आत गेली.
चप्पल काढली, कोरड्या फरशीवरून चालत
कोपऱ्याशी पोचली,
आणि तिथं पाऊल उचलून
तळहाताएवढी जागा
ओलांडून गेली.